पुनर्वसन कीं परावलंबन?

‘पुनर्वसन’ हा शब्द अलीकडे आमच्या सुशिक्षित समाजाच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, तो उच्चारल्यावर पुढें विचारण्यासारखें कांहीं उरतें असें कोणास वाटत नाहीं. अमुक गांव उठलें, अमुक वस्ती हलविली, असें वर्तमानपत्रांत वाचतांना मनाला किंचित् चुटपुट लागते; परंतु लगेच पुढच्या ओळींत ‘पुनर्वसन करण्यांत आलें आहे’ हे चार शब्द दिसले कीं ती चुटपुट शमते आणि आपण पान उलटतों. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांतून जीं गांवें बाहेर नेण्यांत आलीं, त्यांच्या बाबतींत तर ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. वाघाला जंगल मिळालें, आदिवासीला पैसे मिळाले, मुलांना शाळा मिळाली. मग बिघडलें कोठें? हा प्रश्न आम्हांस अनेक सभ्य, दयाळू व वाचत्या माणसांनीं केला आहे. त्याचें उत्तर देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें. लगतचें अंधारी अभयारण्य १९८६ सालचें. पुढें १९९४-९५ च्या सुमारास हीं दोन्ही मिळून सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा व्याघ्र प्रकल्प बनला. त्याच्या पोटांत त्या वेळीं सहा गांवें होतीं: बोटेझरी, कोळसा, पळसगांव, जामणी, नवेगांव आणि रानतळोधी. पैकीं बोटेझरी आणि कोळशाचा कांहीं भाग २००७ सालीं उठवून मूलजवळ भगवानपूर येथें वसविण्यांत आला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत नवेगांव व जामणी खडसंगीच्या बाजूस आलीं, पळसगांवही हललें. याच्याही पूर्वीं, खुद्द उद्यानांतील पांढरपौनीसारखीं गांवें केव्हांच उठलीं होतीं. आज पांढरपौनी हें नांव प्रवाशांस ठाऊक आहे तें वाघ हमखास दिसण्याची जागा म्हणून. जामणीचीं व नवेगांवचीं शेतें आतां कुरणें झालीं आहेत. त्यांवर चितळ चरतात आणि चितळांमागें वाघ येतो. गांव गेलें, गांवाचें नांव तेवढें पाहुण्यांच्या सोयीसाठीं मागें राहिलें.

आम्ही वाघाचे शत्रु नाहीं, हें आरंभींच स्पष्ट करतों. वाघ राहिला पाहिजे, जंगल राहिलें पाहिजे आणि त्यासाठीं मनुष्यानें कांहीं सोडलें पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. ताडोबा हें नांवच मुळीं तारू नामक गोंड प्रमुखावरून पडलें. तो वाघाशीं झुंजतांना मेला, आणि त्याच्या लोकांनीं त्याला देव मानून तळ्याच्या कांठीं त्याचें स्थान केलें, अशी परंपरा आहे. पौषांत तेथें जत्रा भरत आली आहे. ज्या समाजाचा कुलदेव वाघाच्या पंजानें मेला आणि ज्यानें तरीही त्या रानांतून वाघ नाहींसा होऊं दिला नाहीं, त्याला वाघाचें महत्त्व शहरांतून जाऊन शिकविण्याची गरज नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, मनुष्यानें कांहीं सोडावयाचें असेल तर तें नेहमीं एकाच मनुष्यानें कां सोडावें, आणि त्यानें जें सोडलें त्याचा हिशेब खरा कां नसावा?

तो हिशेब आतां पाहूं. या गांवांतील सामान्य कुटुंबाची मालमत्ता तलाठ्याच्या दप्तरांत पाहूं गेलें तर चार-दोन एकर धानाची शेती सांपडते, तीही पावसाच्या व रानडुकरांच्या मर्जीवर. परंतु वर्षाचे बारा महिने संसार त्या दप्तरावर चालत नसे. फाल्गुन-चैत्रांत पहांटे उठून मोहाचीं फुलें वेंचावयाचीं; तीं वाळवून कांहीं घरांत ठेवावयाचीं, कांहीं विकावयाचीं; पुढें बियांचें तेल काढावयाचें. उन्हाळ्यांत चारोळी. वैशाखांत तेंदूचीं पानें तोडून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे. पावसाळ्यापूर्वीं बियाणें आणि कपडालत्ता घेण्यास हातीं येणारा रोख पैसा तोच. पाऊस पडला कीं बांबूचे कोंवळे वास्ते, सात्या, तरोट्याची भाजी, नाल्यांतले व बांध्यांतले मासे. घर शाकारण्यास गवत, कुडास बांबू, चुलीस सरपण, गुरांस चराई, दुखण्याखुपण्यास झाडपाला. यांपैकीं एकाही वस्तूसाठीं दुकानांत जावें लागत नसे, आणि म्हणूनच यांपैकीं एकाही वस्तूची नोंद ‘उत्पन्न’ या सदरांत होत नसे.

जुन्या मध्यप्रांतांत या व्यवहाराला एक नेमका शब्द होता: निस्तार. गांवकऱ्यानें जंगलांतून व पडीत जमिनींतून आपल्या गरजेपुरतें काय घ्यावें, गुरें कोठें चारावीं, तळ्याचें पाणी कसें वापरावें, हें निस्तारपत्रकांत आणि वाजिब-उल-अर्जांत लिहून ठेवीत असत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंही हे दोन्ही कागद कायम राखले आहेत. म्हणजे गरिबाचें धन केवळ सातबाऱ्यावर नसतें, तें त्याच्या अवतीभोंवतीं पसरलेलें असतें, ही गोष्ट महसूल खात्याला ठाऊक नव्हती असें नाहीं. पुनर्वसन करणारांस मात्र तिचा सोयिस्कर विसर पडला.

आतां दुसरी बाजू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २००८ सालच्या योजनेनें पूर्वींची एक लाखाची रक्कम कुटुंबागणिक दहा लाखांवर नेली. पैसे घेऊन कोठेंही जा, किंवा सरकार वसवील तेथें वसा, असे दोन मार्ग ठेवण्यांत आले. दहा लाख हा आंकडा ऐकून आमचा मध्यमवर्ग थक्क होतो. पण दुसऱ्या मार्गांत त्या दहा लाखांची वांटणी कशी आहे तें कोणी पाहत नाहीं. शेंकडा ३५ जमिनीसाठीं, शेंकडा २० घरासाठीं, शेंकडा ५ प्रोत्साहन म्हणून, आणि शेंकडा १० सार्वजनिक सोयींसाठीं. म्हणजे नव्या गांवचा रस्ता, पिण्याचें पाणी, वीज, देऊळ, इतकेंच काय पण स्मशानसुद्धां त्या कुटुंबाच्याच मोबदल्यांतून! पुण्या-नागपुरांतल्या कोणत्या गृहस्थाला त्याच्या घरापुढील रस्त्याचा खर्च त्याच्या नुकसानभरपाईंतून वळता करून घेऊं असें सांगण्याचें धाडस सरकार करील?

राहिले शेंकडा ३०. हे जुन्या गांवांतील हक्कांच्या निकालासाठीं आहेत. म्हणजे तीन लाख रुपये. शेंकडा सहा दरानें तीन लाखांचें व्याज वर्षाला अठरा हजार, महिन्याला दीड हजार, दिवसाला सुमारें पन्नास रुपये. पिढ्यानपिढ्यांच्या हक्काचें, चुलींतल्या सरपणापासून आजारांतल्या काढ्यापर्यंत सर्व वस्तूंचें, कुटुंबास पडणारें मोल हें. आणि एवढेंही केव्हां? तर मुद्दलाला हात न लावतां तें पेढीवर राहिलें तर! ज्यानें आजवर सरपण विकत घेतलें नाहीं त्याला तें किंवा त्याऐवजीं गॅस विकत घ्यावा लागतो. भाजी विकत, गुरांचा चारा विकत, घराचें छप्पर विकत. मुद्दलाला हात लागतोच. शिवाय दहा लाखांचा तो आंकडा २००८ पासून २०२१ पर्यंत तसाच राहिला आणि मग पंधरा लाख झाला. त्या तेरा वर्षांत वस्तूंचे भाव दुपटीहून अधिक चढले. आपले पगार महागाईबरोबर वाढावेत म्हणून मोर्चे काढणाऱ्या आमच्या वर्गाला यांतला अन्याय समजावून सांगावा लागूं नये.

येथें आमच्या म्हणण्याचें सार सांगतों. गरीब कुटुंबाचें मुख्य भांडवल म्हणजे घर नव्हे, रोकड नव्हे, पुष्कळदां जमीनही नव्हे. तें भांडवल म्हणजे सान्निध्य होय. रानाचें सान्निध्य, कामाचें सान्निध्य, हांकेसरशीं धांवून येणाऱ्या शेजाऱ्याचें सान्निध्य. स्थलांतरानें पहिला घाव पडतो तो यावर, आणि मोबदल्याच्या तक्त्यांत नेमकें याचेंच सदर नसतें.

हें केवळ रानांतच घडतें असें नाहीं. मुंबईंत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं सुधार मंडळ स्थापन झालें. त्यानें जितक्या गरिबांचीं घरें पाडलीं तितक्यांना घरें दिलीं नाहींत, आणि हुसकलेले लोक जवळच्याच दाट चाळींत शिरून दाटी वाढवीत राहिले, कारण गिरणी आणि गोदी सोडून त्यांना दूर जाणें परवडत नव्हतें. शंभर वर्षांनंतर, जागतिक बँकेच्या कर्जानें उभारलेल्या नागरी वाहतूक प्रकल्पासाठीं रूळांलगतच्या झोपड्यांतील हजारों कुटुंबें मानखुर्द, वाशी नाका येथील उंच इमारतींत हलविण्यांत आलीं. प्रत्येकास २२५ चौरस फुटांची पक्की खोली मिळाली. झोपडीच्या मानानें ती निःसंशय चांगली. पण ज्या बाईचीं धुण्याभांड्याचीं चार घरें झोपडीपासून चालत दहा मिनिटांवर होतीं, तिचीं तीं कामें गेलीं किंवा प्रवासाच्या खर्चांत बुडालीं. बोटेझरीच्या बाईचा मोह आणि मानखुर्दच्या बाईचीं चार घरें या दोन वस्तु आमच्या दृष्टीनें एकाच जातीच्या आहेत. दोहींचीही किंमत कोणत्याही अधिकाऱ्याच्या वहींत सांपडणार नाहीं.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, ते आम्ही टाळूं इच्छीत नाहीं.

पहिला आक्षेप असा कीं, हीं गांवें स्वेच्छेनें उठलीं. बळजबरी कोणीं केली? जाण्यास राजी असलेलीं माणसें होतीं, तरुण तर विशेषच राजी होते, आणि कांहींचें भलें झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण संमति कोणत्या परिस्थितींत दिली जाते हें पाहावें लागतें. रस्ता होऊं दिला नाहीं, कारण जंगल राखीव. दवाखाना आला नाहीं, कारण गांव उठणारच आहे. डुकरें व चितळें पीक खातात, पण त्यांस हात लावतां येत नाहीं. गुरें रानांत सोडलीं तर गुन्हा. मोह वेंचण्यास गेलें तर पहारेकरी हटकणार. अशा रीतीनें राहणें अशक्य करून ठेवावयाचें आणि मग ‘जातोस कां?’ असें विचारावयाचें, याला स्वेच्छा म्हणणें हा भाषेवरील अत्याचार आहे. कायदा याहून सरळ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें आधीं हक्कांचा निकाल लागला पाहिजे. सहजीवनाचा मार्ग खरोखरीच उरला नाहीं असें ठरलें पाहिजे. ग्रामसभेनें सर्व समजून, मोकळेपणानें, लेखी संमति दिली पाहिजे. आणि नव्या जागेच्या सोयी व जमीन पुरी झाल्यावांचून कोणास हलवितां कामा नये. हा कायदा असतां २०१७ च्या मार्चमध्यें याच प्राधिकरणानें व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रांत वनहक्क देऊं नयेत असें फर्मान काढलें, आणि तें वर्षभरानें मागें घ्यावें लागलें. ज्यानें हक्क आधीं ओळखावयाचे त्यानेंच ते ओळखूं नका म्हणावें, आणि नंतर त्याच हक्कांवर पाणी सोडण्याच्या संमतीला ‘ऐच्छिक’ म्हणावें, हा न्याय कोठला?

दुसरा आक्षेप शाळेचा, विजेचा व दवाखान्याचा. हा सर्वांत मोहक आहे आणि म्हणूनच सर्वांत घातक. शाळा आणि औषध हें नागरिकाचें सरकारकडून घेणें आहे; घरदार सोडण्याबद्दलचें तें बक्षीस नव्हे. आमच्यांपैकीं कोणाच्या मुलाला, बापाचें शेत सोडलेंस तर पहिलीच्या वर्गांत घेऊं, अशी अट कोणीं घातली नाहीं. जें आम्हांस जन्मतः मिळतें तेंच दुसऱ्यास त्याचें सर्वस्व घेऊन द्यावयाचें, आणि वर त्याचा उद्धार केला म्हणून मिरवावयाचें, हें सौजन्याचें लक्षण नाहीं.

तिसरा आक्षेप वाघाच्या भयाचा. आंत राहिलें तर वाघ खाईल, बाहेर आणलें यांत त्यांचेंच हित. भय खरें आहे. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मेल्या. पण त्या ताडोबाच्या गाभ्यांत राहत नव्हत्या. वाघ प्रकल्पाची सीमा पाहून थांबत नाहीं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली या पट्ट्यांत माणसें मरतात तीं बहुतांशीं प्रकल्पाबाहेरच्या गांवचीं. गाभ्यांतून उठविलेलें कुटुंब अशाच गांवांच्या शेजारीं येतें, आणि त्याला पुन्हां त्याच रानांत सरपणाला जावें लागतें. फरक एवढाच कीं, पूर्वीं तें आपल्या ओळखीच्या रानांत जात असे, आतां परक्या गांवच्या रानांत चोरासारखें जातें, आणि त्या गांवचे जुने रहिवासी त्याला वांटेकरी म्हणून हटकतात. भय कमी झालें असें यास म्हणतां येत नाहीं.

स्थलांतरितांचें मत काय, हें विचारण्याची एक वाट मेळघाटांतून दिसते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पांतून उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूस वसविलेल्या कांहीं गांवांचे लोक २०१७ मध्यें आणि पुन्हां २०१९ च्या जानेवारींत आपल्या जुन्या गांवठाणांकडे परत निघाले. नव्या जागीं जमीन, काम व औषधपाणी यांची सोय नाहीं, ही त्यांची तक्रार होती. २०१९ मध्यें वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांशीं त्यांची चकमक झाली आणि दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. पैसे घेतलेला मनुष्य मार खाण्याच्या तयारीनें ओसाड जागेकडे परत जातो, यापेक्षां बोलका अभिप्राय कोणत्या अहवालांत मिळणार?

महाराष्ट्राला ही कथा नवी नाहीं. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या मागें उभें राहून टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हां आमच्यांतले शहाणे म्हणाले होते कीं, मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे, मूठभर शेतकऱ्यांनीं अडवूं नये. कोयनेच्या धरणग्रस्तांचीं गाऱ्हाणीं धरण पुरें होऊन अर्धशतक लोटल्यावरही रस्त्यावर येत राहिलीं. चंद्रपुरांत २,९२० मेगावॅटचें औष्णिक केंद्र उभें आहे. त्याच्या भट्टींत जाणारा कोळसा ज्या जमिनींतून निघतो तेथेंही शेतें आणि गांवें होतीं. हा लेख वाचक ज्या दिव्याखालीं वाचीत असतील त्यांतला कांहीं प्रकाश तेथूनच आला असण्याचा संभव आहे. प्रत्येक वेळीं कारण थोर होतें. आणि प्रत्येक वेळीं त्या थोरपणाचें बिल एकाच पत्त्यावर गेलें.

मग दुसरा मार्ग नाहींच काय? गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) नांवाचें एक लहान गोंड गांव आहे. २००९ सालीं त्याला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्यें आपला बांबू आपण विकण्याचा परवानाही मिळाला. ग्रामसभा बसते, काय तोडावें व काय राखावें हें ठरविते, जमाखर्च सर्वांसमोर मांडते. मेंढा हा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा नव्हे, हें आम्ही जाणतों. तेथली व्यवस्था जशीच्या तशी ताडोबांत लागू पडेल असें आमचें म्हणणें नाहीं. पण आदिवासी जंगलांत राहिला कीं जंगल संपलें, हा जो सिद्धान्त आमच्या दिवाणखान्यांत स्वयंसिद्ध म्हणून मांडला जातो, त्याला एवढें एक गांव पुरेसें उत्तर आहे.

आमच्या मागण्या फार नाहींत आणि त्यांपैकीं बहुतेक कायद्यांतच आहेत. हक्कांचा निकाल आधीं लागावा, स्थलांतराची बोलणी मागाहून. जो ‘नाहीं’ म्हणेल त्याला त्याच्या जागीं शाळा व औषध मिळावें. नकाराची शिक्षा उपेक्षेनें दिली जाऊं नये. जो जाईल त्याला पैशांपेक्षां जमीन द्यावी, तीही पाण्याची. आणि नव्या गांवाच्या नांवें निस्तारापुरतें रान, चराई व तळें लिहून द्यावें, म्हणजे त्याचें सान्निध्य सर्वस्वीं तुटणार नाहीं. रस्त्याचा आणि स्मशानाचा खर्च सरकारनें आपल्या खजिन्यांतून करावा. रक्कम नवरा-बायको दोघांच्या नांवें असावी. कारण रानांतून संसार आणणारी पुष्कळदां बायकोच होती, आणि रोकड उडते ती बहुधा नवऱ्याच्या हातून. शेवटची गोष्ट, प्रत्येक उठविलेल्या कुटुंबाचा दहा वर्षांचा हिशेब ठेवून दर सालीं ग्रामसभेपुढें वाचला जावा: जमीन कोणाकडे राहिली, कर्ज किती झालें, मुलें कोणत्या इयत्तेंत आहेत, माणसें किती मेलीं. वाघांची गणना आम्ही पट्टा न् पट्टा ओळखून करतों. उठविलेल्या माणसांची गणना करणें त्याहून अवघड नाहीं.

आणि आमच्या वाचकवर्गास एकच विनंति. हिवाळ्याच्या सुटींत आपण मुलाबाळांसह मोहर्लीच्या फाटकांतून उघड्या गाडींत बसून आंत जातां. वाघ दिसला तर आनंद माना. तो आनंद निर्मळ आहे. पण वाटाड्यानें एखाद्या कुरणाचें नांव सांगितलें तर येथें गांव होतें काय, आणि तीं माणसें आज कशीं जगतात, एवढें त्याला विचारा. मुलांनाही तें ऐकूं द्या. ज्यांच्या सोडून गेलेल्या शेतांवर आपण वाघ पाहतों, त्यांचा हिशेब मागण्याचें काम त्यांच्या एकट्यांचें नव्हे. तें आपलेंही आहे, कारण त्या व्यवहारांत लाभ आपल्या पदरीं पडला आहे.